ॲसिड, कॉस्टिक अंगावर उडालं तर: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत सुरक्षेचं प्रशिक्षण देताना, हुपरीत चांदी कारागिरांशी बोलताना आणि उसाला तणनाशक मारणाऱ्या शेतकऱ्यांना भेटताना तेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात. बहुतेकांना ॲसिड म्हणजे भाजणं एवढंच ठाऊक असतं. काही रसायनं कातडी जाळून थांबत नाहीत, त्या जखमेतून रक्तात उतरतात आणि हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं गाठतात. जखम लहान म्हणून माणूस घरी जातो आणि रात्री प्रकृती ढासळते. ते टळावं म्हणून ही उत्तरं.

अंगावर पडल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

पाणी. भरपूर, वाहतं, साधं पाणी, आणि तेही त्याच क्षणी. सुपरवायझरला शोधत बसू नका, गाडी काढू नका, फोनवर कुणाला विचारू नका. शॉवर, नळ, होज पाइप, बॅरलमधलं पाणी, शेतात असाल तर मोटारीच्या पाइपाचं पाणी, जे जवळ असेल त्याखाली उभं राहायचं आणि पाणी अंगावर पडत असतानाच कपडे उतरवायचे.

कपड्यांच्या बाबतीत लाज आड येते. चार माणसांसमोर पँट काढायची कशी म्हणून माणूस ओल्या कपड्यांतच दवाखान्यात जातो आणि वाटभर ते कापड अंगाला रसायन लावत राहतं. शर्ट किंवा बनियन डोक्यावरून ओढू नका, तोंडावर आणि डोळ्यांत जाईल. कात्रीने कापा, नाहीतर टराटरा फाडा. बूट-मोजे आधी काढा, कारण अंगावरून ओघळलेलं सगळं बुटात साठतं. घड्याळ, अंगठी, हातातला गंडा-दोरा, कमरेचा करदोटा हेही काढा. करदोट्याचा सुती दोरा ॲसिड शोषून धरतो आणि कमरेभोवती त्याची जखम होते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

जो मदत करतोय त्याने रबरी हातमोजे घालावेत. पाण्याचा जोर फार नको, आणि धुवण चांगल्या अंगावर किंवा दुसऱ्या डोळ्याकडे वाहू देऊ नका.

किती वेळ धुवायचं? दोन बादल्या ओतल्या की झालं ना?

नाही झालं. ॲसिड असेल तर कमीत कमी २० ते ३० मिनिटं. कॉस्टिक सोडा, चुना, अमोनिया यांसारखी अल्कली असेल तर तास-दोन तासही लागू शकतात, आणि रुग्णालयात पोचल्यावर धुणं पुन्हा सुरू ठेवावं लागतं. डॉक्टर लिटमस किंवा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) पट्टी लावून बघतात आणि कातडीचा पीएच जागेवर येईपर्यंत धुतात. धुणं थांबवून थोडा वेळ गेल्यावर परत पट्टी लावायची असते, कारण आत मुरलेलं रसायन हळूहळू वर येत राहतं.

घड्याळ लावूनच धुवा. आग होत असताना पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात.

ॲसिड जास्त वाईट की कॉस्टिक?

लोक ॲसिडला घाबरतात आणि कॉस्टिकला गृहीत धरतात. व्हायला पाहिजे उलट. सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक यांसारखी ॲसिडं कातडीतली प्रथिनं गोठवतात. त्याची कडक खपली धरते आणि ती खपलीच पुढच्या ॲसिडला काही अंशी अडवते. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो आणि प्रथिनं विरघळवतो. त्यामुळे वाट अडवणारी खपली तयारच होत नाही, ते आत आत झिरपत जातं. सुरुवातीला वेदनाही कमी असते. हात साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागतो आणि माणूस फडक्याला पुसून कामाला लागतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे तुमच्याच कातडीतल्या चरबीचा झालेला साबण. हाताला तसं लागलं की काम सोडून थेट नळावर जा.

इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये मर्सरायझिंगसाठी (सुताला चमक आणि बळ देण्यासाठी) आणि साखर कारखान्यांत बाष्पकाची, म्हणजे रस आटवायची, भांडी साफ करायला कॉस्टिक लागतं, आणि ते बऱ्याचदा गरम असतं. तिथे भाजणं आणि रसायन दोन्ही एकदम लागतात.

ॲसिड पडलं तर सोडा आणि कॉस्टिक पडलं तर लिंबू लावलं, तर त्याचा परिणाम नाहीसा होतो ना?

प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत होतो. अंगावर तसं करू नका. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते, म्हणजे आधीच जळलेल्या कातडीला आणखी चटका. शिवाय सोडा शोधण्यात जी दोन मिनिटं जातात, नेमक्या त्याच दोन मिनिटांत पाण्याचा सगळ्यात जास्त उपयोग असतो.

हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, मलम, बटाट्याचा कीस यांतलं काहीही नको. तुपाखाली रसायन अडकून राहतं. हळदीने आणि शाईने रंग बदलतो, मग जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. फोड फोडू नका. धुऊन झाल्यावर स्वच्छ ओलसर कापड सैल गुंडाळा आणि निघा.

पाणी टाकायचंच नाही असं काही असतं का?

थोडंच. चुनकळीची किंवा कॉस्टिकची कोरडी पावडर, पाकळ्या अंगावर सांडल्या तर आधी ब्रशने, कोरड्या फडक्याने झटका आणि मग पाण्याचा मारा करा. चुनकळीला थोडंसं पाणी लागलं की ती तापते. चुना विझवताना हौद कसा उकळतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. झटकण्यात मात्र वेळ घालवू नका. सोडियम, पोटॅशियमसारखे धातू कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात, त्यांचे कण अंगावर असताना पाणी घालायचं नाही, चिमट्याने उचलायचे.

तीव्र सल्फ्युरिकवर पाणी टाकलं की उष्णता निघते हे खरं. उपाय मात्र पाणी न टाकणं हा नव्हे. थोडं थोडं शिंपडू नका, एकदम भरपूर ओता, म्हणजे ती उष्णताही वाहून जाते.

जखम नखाएवढी आहे. एवढ्यासाठी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जायचं?

कुठलं रसायन आहे त्यावर ठरतं. कातडीचा सगळ्यात वरचा पातळ थर हाच शरीराचा खरा बांध. दाहक रसायन आधी तो फोडतं आणि मग त्याच भगदाडातून आत शिरतं. जागाही महत्त्वाची. तळहाताची कातडी जाड, पापणीची, मानेच्या घडीची, जांघेतली पातळ. हायड्रोकॉर्टिसोन या औषधावर १९६७ साली झालेल्या अभ्यासात हाताच्या तुलनेत वृषणाच्या कातडीतून सुमारे ४० पट औषध आत गेलेलं दिसलं होतं. घाम, ऊन, आधीचं खरचटणं, चिरा यांनी शोषण आणखी वाढतं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड, फिनॉल, क्रोमिक ॲसिड, पॅराक्वाट: ही चार नावं लक्षात ठेवा. यातलं काहीही असेल तर जखमेचा आकार बघू नका. धुवा आणि रुग्णालय गाठा.

स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवर पेस्ट लावतो. दिवसभर काही होत नाही, रात्री बोट ठणकतं. हे काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात सावकाश देतो, कारण उद्यमनगरच्या छोट्या फॅब्रिकेशन शेडपासून दुग्ध आणि साखर यंत्रसामग्री बनवणाऱ्या मोठ्या युनिटपर्यंत ही पेस्ट सगळीकडे आहे. ती पिकलिंग पेस्ट. तिच्यात नायट्रिकसोबत बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. काही गंज काढणाऱ्या द्रावणांत आणि काचेवर नक्षी कोरायच्या कामातही तेच असतं.

ते इतर ॲसिडांसारखं वागत नाही. त्यातलं फ्लोराइड कातडीतून आत जातं आणि पेशींतलं, रक्तातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून बसतं. ५० टक्क्यांवरचं असेल तर आग लगेच होते. २० ते ५० टक्क्यांचं असेल तर एक ते आठ तासांनी आणि त्याहून सौम्य असेल तर कधी कधी २४ तासांनी. सकाळी ब्रशने पेस्ट लावताना हातमोज्याच्या बोटाला बारीक भोक असतं, काही जाणवत नाही. संध्याकाळी बोटाचं टोक थोडं लालसर दिसतं. रात्री नखाखाली असा ठणका सुरू होतो की झोप येत नाही, आणि वरून बघाल तर जखम जवळजवळ नाहीच. मग ती जागा पांढरट-करडी पडते. आत हाडापर्यंत इजा चालू असते.

जास्त भागावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं, पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र हायड्रोफ्लोरिक दोन-तीन तळहातांएवढ्या कातडीवर पडूनही माणसं दगावली आहेत. बोटांसकट आपला तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, असा अंदाज धरा.

यावर उतारा आहे आणि तो महाग नाही. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. पाण्याने धुतल्यावर ते हातमोजे घालून जखमेवर चोळत राहायचं आणि चोळत चोळतच रुग्णालयात जायचं. बोटाला लागलं असेल तर जेल भरलेला हातमोजा चढवायचा. ठणका थांबणं हीच उपचार लागू पडल्याची खूण असते, म्हणून वेदनाशामक खाऊन ती दाबून टाकू नका. गरज पडली तर डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि ईसीजी सतत बघत राहतात. ज्या शेडमध्ये पिकलिंग पेस्टचा डबा आहे, तिथे जेलची ट्यूब प्रथमोपचार पेटीत असलीच पाहिजे आणि तिची मुदत तपासलेली पाहिजे. पेस्टला पैसे आहेत तर जेललाही आहेत, असं मी प्रत्येक मालकाला तोंडावर सांगतो.

फाउंड्रीत वाळूत मिसळायच्या रेझिनचा धोका किती?

शेल मोल्डिंग आणि नो-बेक (वाळूचे साचे घडवायच्या पद्धती) यांच्या अनेक रेझिनांत फिनॉल, फॉर्मल्डिहाइड असतं, आणि फ्युरान पद्धतीत हार्डनर म्हणून तीव्र सल्फॉनिक ॲसिड वापरतात. हार्डनरची इजा ॲसिडसारखीच, ताबडतोब कळणारी.

फिनॉल फसवतं. ते पडलेली जागा पांढरी पडते आणि बधिर होते, म्हणून दुखत नाही. तोवर ते कातडीतून रक्तात जात असतं. चक्कर, घाम, झटके, हृदयाची अनियमित गती, गडद रंगाची लघवी ही पुढची लक्षणं. ओलं फडकं फिरवून पुसणं इथे घातक, कारण थोड्या पाण्याने फिनॉल पसरतं आणि शोषण वाढतं. शॉवरच हवा. पीईजी-३०० किंवा पीईजी-४०० (पॉलीइथिलीन ग्लायकॉल) हे द्रव उपलब्ध असेल तर त्यात भिजवलेल्या कापसाने पुसत राहणं उत्तम. शुद्ध फिनॉलचा साठा असलेल्या ठिकाणी ते ठेवावंच.

क्रोम प्लेटिंगच्या (धातूला क्रोमचा मुलामा द्यायच्या) कामात हाताला गोल खड्डे पडतात. नाकातून कधी कधी रक्त येतं.

हे क्रोमचे व्रण. कडा उंच, मध्ये खोल, दुखणं कमी, भरून यायला महिने. क्रोमिक ॲसिडचे तुषार श्वासातून जाऊन नाकाच्या पडद्याला भोकही पडतं, आणि तेही दुखत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने क्रोमचे व्रण सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत घातले होते, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. टाकीत पडणं किंवा मोठा शिडकावा उडणं हे वेगळंच प्रकरण. थोड्या भागावरच्या जखमेतूनही क्रोमियम मूत्रपिंड निकामी करू शकतं. अशा रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच न्या.

हुपरीत घरातच चांदी गाळतो. बोटं पिवळी होतात, त्याचं काय?

नायट्रिक ॲसिड कातडीतल्या प्रथिनांना पिवळं करतं. तो डाग धुऊन जात नाही, कातडी झडेल तेव्हाच जातो. काळे डाग सिल्व्हर नायट्रेटचे. पण हुपरीकरांनो, डागापेक्षा त्या तांबूस-तपकिरी धुराकडे बघा. चांदी ॲसिडमध्ये विरघळताना निघणारा तो नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू आहे. ओढला गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि २४ तासांत कधीही फुप्फुसात पाणी भरू शकतं. धूर ओढलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा. पैंजणं, घुंगरू जोडायचं काम घरातल्या बायका करतात आणि शेजारीच मुलं खेळत असतात. गाळणी आणि धुलाई तेवढी तरी राहत्या खोलीतून बाहेर, मोकळ्या हवेत न्या. ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवू नका.

स्लॅबच्या कामानंतर गुडघ्यांना फोड आले. सिमेंटनं भाजतं का?

भाजतं. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३. पँट भिजून तासन् तास गुडघ्याला चिकटते, किंवा काँक्रीट गमबुटात जातं. दुखायला लागतं तोवर जखम खोल गेलेली असते. भिजलं की लगेच धुवा, कोरडी पँट घाला. याशिवाय सिमेंटमधल्या क्रोमियममुळे गवंड्यांच्या हाताला खाज, भेगा येतात आणि ती ॲलर्जी सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही.

पाठीवरचा पंप गळतो, तणनाशक पाठीवर येतं. पाण्यात मिसळलेलंच असतं की!

उसात आणि बांधावर मारायच्या काही तणनाशकांत पॅराक्वाट असतं, आपल्याकडे ते २४ टक्के द्रावणात मिळतं. ताज्या, धडधाकट कातडीतून ते कमी जातं. पण पंपाचं झाकण सैल असतं, द्रावण पाठीवरून कमरेत, तिथून मांड्यांत आणि जांघेत उतरतं, घामाने कातडी सोललेली असते आणि माणूस दुपारपर्यंत त्याच ओल्या चड्डीत फवारत राहतो. दाहक असल्यामुळे पॅराक्वाट स्वतःच कातडी फोडतं आणि मग शोषलं जातं. मूत्रपिंड बिघडतं, फुप्फुसं कडक होत जातात. यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे.

पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. आधी वॉशर बदला. मूळ औषध मोजून ओतताना हातमोजे आणि चष्मा घाला, कारण सगळ्यात तीव्र शिडकावा तेव्हाच उडतो. अंगावर आलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, मात्र घासू नका, घासल्याने कातडी सोलते. आणि डॉक्टरांना औषधाचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. पॅराक्वाटच्या रुग्णाला गरज नसताना ऑक्सिजन दिला तर फुप्फुसाची इजा वाढते, म्हणून हे नाव त्यांना लगेच कळणं फार गरजेचं आहे.

घरातल्या ॲसिडचं काय?

संडास-बाथरूमसाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक ब्लीचिंग पावडरीसोबत कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. खुल्या ॲसिडच्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिले आहेत. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं आणि १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही.

मुलांसाठी सगळ्यात जवळचा धोका तंबाखूच्या चुन्याच्या पुडीत असतो. मूल पुडी दाबतं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. पापणी उघडी धरून अर्धा तास पाणी सोडत राहा, पापणीखाली अडकलेले कण ओल्या कापसाने काढा आणि नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी, त्याच तासाला जा.

हातमोजे तर घालतोच. मग कसं लागतं?

चामड्याचे किंवा सुती मोजे रसायन शोषून हाताला लावत राहतात. ते वेल्डिंगला ठीक, ॲसिडला नाही. दवाखान्यातले पातळ मोजेही कामाचे नाहीत. कॉस्टिकला जाड नायट्राइल, निओप्रीन चालतं, हायड्रोफ्लोरिकला निओप्रीन किंवा ब्युटाइल. रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये आठव्या भागात कुठला मोजा ते लिहिलेलं असतं, चौथ्या भागात प्रथमोपचार. रोज मोज्यात हवा भरून, तोंड पिळून भोक आहे का बघा. बाही मोज्यावर घ्यायची की आत, हे हात वर करून काम असतं की खाली यावर ठरवा, म्हणजे ओघळ आत जाणार नाही.

दवाखान्यात काय घेऊन जायचं?

डब्याचं लेबल किंवा त्याचा फोनवर काढलेला फोटो, आणि डेटा शीट. डबाच उचलून नेऊ नका, वाटेत सांडेल. किती वाजता पडलं, किती वेळ धुतलं, कुठे कुठे पडलं हे सांगा. १०८ला फोन करताना रसायनाचं नाव सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेवा.

आमचं वर्कशॉप छोटं आहे, इमर्जन्सी शॉवर परवडत नाही.

अमेरिकेत प्रचलित असलेला निकष असा, की शॉवर दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ हवा आणि मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी सलग १५ मिनिटं मिळायला हवं. म्हणजे अकराशे लिटरच्या वर. छतावर तेवढ्या पाण्याची टाकी, तिला जाड पाइप, खाली ओढायचा साखळीचा व्हॉल्व्ह, एवढं फिटर एका दिवसात करून देतो. तेही नसेल तर ॲसिडच्या जागेपाशी कायम जोडलेला होज ठेवा. मुख्य म्हणजे टाकी रिकामी नको आणि वाटेत कास्टिंगचा ढीग नको. आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह ओढून बघा, आणि उन्हाळ्यात टाकीतलं पाणी पोळण्याइतकं तापत असेल तर टाकीवर सावली करा.

मालक सांगतो, कंपनीत घडलं म्हणून नोंदवू नको. काय करू?

नोंदवा. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) लाभ किंवा नुकसानभरपाई नंतर मागायची तर अपघाताची तारीख कागदावर असावी लागते. दवाखान्यात 'कामावर असताना अमुक रसायन पडलं' असंच सांगा. ते दडवून 'घरी गरम पाणी सांडलं' म्हटलं तर उपचारच चुकतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. आपण कुठलं रसायन हाताळतो हे जाणून घेणं तेव्हापासून कामगाराचा हक्क आहे.

अंगावरचे कपडे धुऊन परत वापरता येतील का?

सुती कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे, हातमोजे घालून, भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुतले तर चालतात. हायड्रोफ्लोरिक, फिनॉल किंवा मूळ तीव्रतेचं पॅराक्वाट लागलेले कपडे टाकून द्या. चामडं मात्र कुठल्याच रसायनातून पूर्ण साफ होत नाही. बूट, पट्टा, कोल्हापुरी चप्पल, पाकीट, कितीही भारी असलं तरी परत घालू नका, आणि दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.